भविष्यनिर्वाह निधी आणि १८१८ चे नाणे

पूर्व उत्तर प्रदेशातील एका जिल्ह्यात मी नेमणुकीवर असतानाची ही गोष्ट. एका सकाळी स्वाक्षरीसाठी आलेल्या कागदांत आमच्या कार्यालयातील बडेबाबूंचा अर्ज होता. भविष्यनिर्वाह निधीतून दीड लाख रुपये अग्रिम मिळावा. कारण, घराची दुरुस्ती. असे अर्ज रोजचेच. पैसा कर्मचाऱ्याचा स्वतःचा असतो, आणि आपण फक्त नियमात बसते की नाही एवढेच पाहायचे. मी सही करणारच होतो. पण बडेबाबूंचे घर मला ठाऊक होते. दोनच वर्षांपूर्वी त्यांनी ते नव्याने बांधून घेतले होते आणि गृहप्रवेशाला आम्ही सगळे जेवायला गेलो होतो. शिवाय पुढच्या वर्षी त्यांच्या धाकट्या मुलीचे लग्न ठरायचे होते. मी त्यांना बोलावून सहज विचारले, "बडेबाबू, दुरुस्ती कशाची?"

ते काही क्षण गप्प राहिले. मग दार लोटून घेत म्हणाले, "साहेब, खोटे बोलत नाही. एक वस्तू घ्यायची आहे. तुम्ही जुने पैसे जमवता, म्हणून आधी तुम्हालाच दाखवावी असे मनात होते. पण धीर झाला नाही."

वस्तू म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचे १८१८ सालचे नाणे. एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण आणि हनुमान. विकणारा दोन लाख मागत होता, दीड लाखावर आला होता, आणि पाच हजार रुपये विसार म्हणून घेऊनही गेला होता. त्याचे म्हणणे असे की या नाण्यात दैवी शक्ती आहे, ते तांदूळ स्वतःकडे ओढते, आणि परदेशातील लोक त्याला एक कोटी देतात. बडेबाबूंनी तांदूळ ओढताना प्रत्यक्ष पाहिले होते. अठ्ठावीस वर्षे नोकरी केलेला, दुसऱ्याच्या अर्जातील एक काना चुकला तरी बोट ठेवणारा हा माणूस. मी म्हणालो, "नाणे एक तासासाठी आणा. मग अर्जाचे पाहू." दुसऱ्या दिवशी ते स्वतःची मोटारसायकल विक्रेत्याकडे तारण ठेवून नाणे घेऊन आले.

१८१८ हा आकडा मराठी माणसाला विसरता येत नाही. त्या वर्षी पेशवाई संपली आणि कंपनी या देशातील निर्विवाद सत्ता झाली. पण त्या वर्षीसुद्धा कंपनी स्वतःच्या नावाने बंगालमध्ये रुपया पाडत नव्हती, ही गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांत फारशी येत नाही. कलकत्त्याच्या टांकसाळीतून निघणाऱ्या रुपयावर फारसी अक्षरांत नाव होते बादशहा शाह आलम दुसरा याचे. शाह आलम १८०६ साली वारला होता. त्याचे नाव मात्र कंपनीच्या नाण्यांवर १८३५ पर्यंत टिकले. एवढेच नव्हे, तर रुपयावर त्याच्या राज्यारोहणाचे १९ वे वर्षच कायम छापले जाई. फर्रुखाबादी रुपयावर ४५ वे.

यामागचे कारण निखळ प्रशासकीय आहे. मोगल काळापासून चालत आलेली रीत अशी की रुपया ज्या वर्षी पाडला त्या वर्षी तो पूर्ण किमतीचा; पुढच्या वर्षी सराफ त्यावर बट्टा घेणार, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. रयतेने सारा भरला की तो रुपया कोणत्या वर्षाचा यावर घासाघीस होई, आणि मधला फायदा सराफाच्या पेटीत जाई. कंपनीने यावर जो तोडगा काढला तो कोणाही कारकुनाला आवडेल असा होता: वर्षच गोठवून टाकायचे. सगळेच रुपये १९ सनाचे, मग बट्टा कशावर लावणार? १७९३ च्या नियमांनी त्यावर शिक्कामोर्तब झाले. म्हणून जुने नाणे हाती घेताना पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती ही, की नाण्यावरचा आकडा म्हणजे नाण्याची जन्मतारीख असेलच असे नाही. खऱ्या नाण्यावरही ती खोटी असू शकते. मग खोट्या नाण्यावरच्या तारखेचे काय घेऊन बसायचे!

तांब्याची तऱ्हा निराळी होती. बंगालच्या तांब्याच्या पैशावर 'एक पाई सिक्का' हे शब्द बंगाली, फारसी आणि नागरी अशा तीन लिप्यांत असत, कारण ज्याच्या हाती हा पैसा जाणार त्याला तो वाचता यायला हवा. मुंबईच्या तांब्याच्या पैशावर तराजू असे आणि पारड्यांच्या मध्ये फारसी लिपीत 'अदल', म्हणजे न्याय, हा शब्द. बनारसची कंपनीची टांकसाळ १८३० पर्यंत चालू होती, आणि तिच्या पैशावर त्रिशूळ असे. ज्या भागात आम्ही बसलो होतो तिथल्या लोकांचे पणजोबा हाच त्रिशुळाचा पैसा कनवटीला लावून बाजारात जात असतील.

आता कंपनीने नाण्यावर देवता कधी घातलीच नाही, असे मी बडेबाबूंना सांगितले असते तर ते असत्य ठरले असते. दक्षिणेत मद्रासच्या टांकसाळीने तिथल्या परंपरेला धरून विष्णूची प्रतिमा असलेले सोन्याचे होन पाडले. चांदीच्या अर्ध्या होनावर तर एका बाजूला देवळाचे गोपूर आणि दुसरीकडे विष्णू आहे. त्याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे अकबराने आपल्या इलाही सनाच्या ५० व्या वर्षी, म्हणजे १६०४-०५ च्या सुमारास, राम आणि सीतेची आकृती असलेली नाणी पाडली. त्यांवर नागरीत 'रामसीय' असे लिहिले आहे. ती खरी आहेत आणि अत्यंत दुर्मीळ आहेत. याखेरीज रामटंके नावाचा एक मोठा वर्ग आहे. ते चलन नव्हे. देवघरात पूजेसाठी किंवा यात्रेची खूण म्हणून घडवलेली ती मुद्रा. तिच्यात खोटेपणा काहीच नाही, जोवर कोणी तिला चलन म्हणून विकत नाही तोवर.

बडेबाबूंच्या नाण्यावर राम होता याबद्दल म्हणून माझी तक्रार नव्हती. तक्रार दुसऱ्या बाजूची होती. तिथे इंग्रजीत 'ईस्ट इंडिया कंपनी', खाली १८१८, आणि मध्ये 'यूकेएल वन आना' अशी अक्षरे. 'यूकेएल' या अक्षरांना कंपनीच्या नाण्यांत काही अर्थ नाही. आणि एक आण्याचे नाणे? कंपनीने एक आण्याचे असे तांब्याचे नाणे कधीच काढले नाही. हिशोबात आणा होता, खिशात नव्हता. खिशात रुपया, त्याचे भाग आणि खाली पैसा-पाई. एक आण्याचे नाणे सरकारने प्रथम काढले ते १९०७ साली, सातव्या एडवर्डच्या कारकिर्दीत, तांबे-निकेलचे. म्हणजे १८१८ च्या या नाण्याला तब्बल ८९ वर्षे घाई झाली होती. याच कुळातील १६१६ ची 'कंपनीची नाणी' मी जत्रांतून पाहिली आहेत. १६१६ साली सर टॉमस रो अजमेरला जहांगीरच्या दरबारात व्यापाराच्या सवलती मागत उभा होता. ज्यांना वखारीच्या परवान्यासाठी ताटकळावे लागत होते, ते नाणी कुठे पाडत बसणार?

मी तोंडाने एवढे सगळे बोललो नाही. वाचून ओळखणे ही अर्धीच गोष्ट असते, आणि दुसऱ्याला ती पटतेच असे नाही. उरलेली अर्धी हाताने करायची. माझ्या टेबलाच्या काचेखाली १८३५ चा पाव आणा होता, बनारसच्या एका पदपथावर विकत घेतलेला. दोन्ही नाणी शेजारी ठेवली, आणि शिपायाला बाजारातील सोनाराकडून काटा आणायला पाठवले.

१८३५ चा पाव आणा हे गरीब नाणे आहे, पण शिकण्यासाठी त्यासारखे दुसरे नाही. त्या वर्षी कंपनीने निरनिराळ्या इलाख्यांतील निरनिराळी नाणी मोडीत काढून सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला: वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात अकरा-बारांश शुद्ध चांदी. सोनाराचा तोळाही १८३३ च्या नियमाने याच १८० ग्रेनवर बसवलेला होता. या सगळ्या सुधारणेमागे जेम्स प्रिन्सेपचा मोठा वाटा होता. हा बनारसच्या टांकसाळीत दहा वर्षे धातुपरीक्षक होता, त्या काळात त्याने शहराची मोजणी केली, सांडपाण्याचा भुयारी नाला बांधला, आणि पुढे कलकत्त्याला जाऊन १८३७ साली अशोकाची ब्राह्मी लिपी वाचून दाखवली. आपल्या खात्याचे काम नेटके करून उरलेल्या वेळात एवढे करणारा अधिकारी पाहिला की स्वतःच्या डायरीकडे पाहवत नाही.

रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, पैशाच्या पाया तीन. पाव आणा म्हणजे एक पैसा. त्याचे वजन १०० ग्रेन, म्हणजे ६.४८ ग्रॅम. अर्धा आणा दुप्पट. माझा पैसा काट्यावर ६.३ भरला. जवळपास दोनशे वर्षांत खिशाखिशांतून झिजून तो तेवढा कमी झाला होता. नाणे वापराने हलके होते, जड कधीच होत नाही, हे ध्यानात ठेवले की बरीच फसवणूक टळते. बडेबाबूंचे नाणे सतरा ग्रॅमच्या वर गेले. एका आण्याचे तांबे म्हणावे तर ते २६ ग्रॅम हवे होते, अर्ध्या आण्याचे म्हणावे तर १३. हे कशातच बसेना.

मग मी कडा पाहिली. खरे नाणे ठशाखाली दाबून पाडलेले असते. त्यामुळे अक्षरे तीक्ष्ण उठतात आणि झिजतात ती उंचवट्यावर आधी. ओतीव नाण्याची अक्षरे मऊ, साबणाच्या वडीवरच्यासारखी दिसतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रे असतात, आणि कडेवर साच्याच्या जोडाची रेघ राहते किंवा ती घासल्याची खूण. इथे रेघ स्पष्ट होती. झीज तर चमत्कारिकच: रामाच्या धनुष्याची बारीक दोरी शाबूत आणि सपाट जागा मात्र घासलेली! जुनेपणा आणण्यासाठी कोणीतरी ते घासले होते, आणि कुठे घासावे हे त्याला ठाऊक नव्हते. तांब्यावर काळाने चढणारा तपकिरी थर सगळीकडे सारखा, अंगाशी एकजीव असतो. इथे काळा रंग खोबणीत साचलेला होता आणि नखाने निघत होता.

शेवटी मी दरवाजाच्या कपाटाला लावलेला लोहचुंबक काढून नाण्याजवळ नेला. नाणे टक् करून चिकटले. तांबे चुंबकाला चिकटत नाही. आत लोखंड होते.

बडेबाबू म्हणाले, "पण साहेब, तांदूळ?"

शिपायाच्या डब्यात भात होता, आणि कार्यालयाशेजारच्या वाण्याकडून मूठभर कच्चे तांदूळ आणवले. नाणे दोन्हींत फिरवून पाहिले. एक दाणा हलला नाही. विक्रेत्याने दाखवले ते तांदूळ त्याच्याच पुडीतील होते; त्यांत लोहाचा कीस मिसळायचा आणि नाण्यात चुंबक दडवायचा, एवढाच त्यातील दैवी अंश. ही युक्ती देशभर चालते. तिला बळी पडलेल्यांत शिकलेली माणसेच अधिक दिसतात, कारण अडाण्याकडे दीड लाख नसतात.

आता किमतीचे. बडेबाबूंचा प्रश्न रास्त होता: खरे असते तर काय मोल झाले असते? लोकांना वाटते, जुने तितके महाग. मी त्यांना 'ॲडमिरल गार्डनर' जहाजाची गोष्ट सांगितली. १८०९ च्या जानेवारीत हे जहाज मद्रासकडे निघाले असता इंग्लंडच्या किनाऱ्यालगत गुडविनच्या वाळूत बुडाले. पोटात तांब्याची १८०८ ची वीस आणि दहा काशूंची नाणी टनावारी भरलेली. १९८० च्या दशकात पाणबुड्यांनी त्यांतील लाखो नाणी वर काढली. दोनशे वर्षांचे, समुद्रात बुडालेले, नावाजलेल्या जहाजावरचे नाणे, आणि तरीही हौशी माणसाला परवडेल अशा किमतीत मिळते, कारण ती नाणी फार आहेत. याउलट १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या झग्यावरील साखळीत कोरलेला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, आणि १९१२ पासून हत्तीची सोंड सुधारून घ्यावी लागली. चांदी दोन्हींत तितकीच. पण १९११ चा रुपया थोडाच बाहेर राहिल्याने त्याला अधिक पैसे पडतात. मोल वयाचे नसते. किती उरली, कशी उरली आणि घेणारे किती, यांवर ते ठरते.

१८३५ चा पाव आणा तिन्ही इलाख्यांच्या टांकसाळींतून प्रचंड संख्येने निघाला. अक्षरे पुसट झालेला पैसा मी पन्नास रुपयांच्या आत घेतला आहे. सिंहांच्या आयाळी आणि खालचे लॅटिन ब्रीद स्वच्छ वाचता येणाऱ्याला दीडशे-दोनशे दिले आहेत. त्यातील तांब्याची किंमत दहा रुपयांच्या आतच भरेल. त्या दोन आकड्यांच्या मधला जो पैसा, तो आपल्या हौसेचा. तेवढाच जाऊ द्यावा. घासून लख्ख केलेला पैसा दिसला तर मी पुढे जातो. चिंच आणि मीठ लावून देवाची भांडी उजळतात, नाण्याचा मात्र त्याने जीव जातो, आणि एकदा गेलेला थर परत येत नाही. हिरवे जंगाल फुटलेला पैसाही नको. ते शेजारच्या नाण्यांना लागते. आमच्या घरी देवघरात दुदांडी शिवराया होत्या. आजीने दर दसऱ्याला त्या चिंचेने घासल्या. त्यांचे बाजारातील मोल शून्य झाले असेल, पण आजीला हे सांगायची माझी कधी छाती झाली नाही.

विक्रेत्याच्या 'परदेशी गिऱ्हाइका'बद्दल मात्र मला बडेबाबूंपाशी कायद्याच्या भाषेत बोलावे लागले, आणि ती त्यांना चटकन कळली. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे हे पुरावशेष ठरते. ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि त्याचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. जमिनीत सापडलेले असेल तर १८७८ चा निखात निधीचा कायदा आहेच: दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्याला कळवणे भाग. ते दहा रुपये कायद्यात १८७८ पासून तसेच आहेत. म्हणजे विक्रेत्याची कहाणी खरी धरली तर व्यवहार बेकायदा, आणि खोटी धरली तर फसवणूक. तिसरा मार्ग नव्हता. पुढे जुनी नाणी-नोटा लाखोंना विकून देतो, आधी शुल्क भरा, असे सांगणाऱ्या टोळ्या रिझर्व्ह बँकेचे नाव वापरू लागल्या, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेला जाहीर करावे लागले की आपण असे व्यवहार करीत नाही आणि कोणालाही असे शुल्क घेण्याचा अधिकार दिलेला नाही. त्या निवेदनाची प्रत मी बडेबाबूंना टपालाने पाठवली होती. तोवर ते निवृत्त झाले होते.

त्या दिवशी मात्र ते काहीच बोलले नाहीत. मी अर्जावर 'दुरुस्तीचे अंदाजपत्रक जोडावे' असा शेरा मारून तो परत दिला. नामंजूर करणे मला योग्य वाटले नाही, आणि मंजूर करणे तर शक्यच नव्हते. त्यांनी अर्ज घडी करून खिशात घातला. मोटारसायकल परत मिळाली. विसाराचे पाच हजार गेले ते गेलेच. पोलिसांत तक्रार देण्याचा मी आग्रह केला. ते म्हणाले, "साहेब, उद्या कचेरीत सगळे तांदूळ घेऊन येतील." मी तो विषय पुन्हा काढला नाही, आणि ते मी बरोबर केले असे मला आजही वाटत नाही. तो विक्रेता दुसऱ्या कुठल्या तरी बडेबाबूंकडे गेलाच असेल.

तीन-चार महिन्यांनी एका संध्याकाळी ते कागदाच्या पुडीत काहीतरी घेऊन आले. स्थानकाबाहेरच्या भंगारवाल्याकडून घेतलेला १८३५ चा पाव आणा होता. काट्यावर वजन ते आधीच करून आले होते, चुंबकही लावून पाहिला होता. मग त्यांनी नाण्याच्या मागच्या बाजूला, पानांच्या वेलीच्या आत, इंग्रजी अक्षरांखाली बोट ठेवले. "साहेब, इथे फारसीत काय आहे ते तुम्ही वाचले आहे का?"

मी वाचले नव्हते. मला फारसी लिपी येत नाही. जुन्या जमीन-नोंदी वाचण्यासाठी अभिलेख कक्षात बसून बडेबाबू ती तरुणपणी शिकले होते, आणि जिल्ह्यातील शेवटच्या दोन-तीन जाणकारांत त्यांची गणना होई. "यक पाई," त्यांनी वाचून दाखवले. "त्या नाण्यावर फारसीचे एक अक्षर नव्हते. अठ्ठावीस वर्षे मी हेच वाचत आलो, आणि तेव्हा शोधायचे सुचले नाही."

मी विचारले, केवढ्याला घेतला? साठ रुपयांना, ते म्हणाले. अक्षरे बरीच पुसट होती. वीस रुपये जास्त गेले, असे मी त्यांना सांगितले.